टिकलीपासून एआयपर्यंत: ज्येष्ठांचा विज्ञान कट्टा कसा चालवायचा

आधी काय करायचं नाही ते सांगते, कारण ते आम्ही करून बसलोय. आमच्या डोंबिवलीतल्या ज्येष्ठांच्या कट्ट्यावर ठरलं की नुसतं भजन, हास्यक्लब आणि पेन्शनची रडगाणी किती दिवस, महिन्यातून दोनदा विज्ञानावर बोलूया, आणि विषय एकदम आजचा घ्या, एआय. एक रिटायर्ड इंजिनिअर काका तयारच होते, त्यांनी ६४ स्लाइड केल्या. सातव्या स्लाइडला पहिली मान कलली, विसाव्याला चहा आला तेव्हा सगळे जागे झाले, आणि शेवटी प्रश्न विचारा म्हटल्यावर एका आजींनी विचारलं की मोबाईलवर अक्षर मोठं कसं करायचं. काकांचा चेहरा पडला. पण खरं सांगू का, त्या दिवसातला सगळ्यात चांगला प्रश्न तोच होता, त्यांना समोरचं दिसतच नव्हतं ना.

मी शाळेत प्रयोगशाळा सांभाळायचे, म्हणजे शिकवायचे नाही, भिंगं पुसायची, टेस्ट ट्यूब धुवायच्या, स्पिरिटचे दिवे भरायचे. पण एवढी वर्षं कोपऱ्यात उभं राहून एक कळलं की फळ्यावर काही लिहिलं की पोरं वहीत उतरवतात आणि हातात भिंग दिलं की भांडतात. आपल्याला ते भांडण पाहिजे. म्हणून पुढच्या वेळी मी प्रोजेक्टर बंद ठेवायला लावला आणि टिकल्यांचं पाकीट घेऊन गेले. आता वर्ष होऊन गेलं, दोन-तीन ठिकाणच्या लोकांनी विचारलं तुम्ही नक्की करता काय, म्हणून हे लिहितेय.

जागा आणि वेळ पटकन सांगते, त्यात शहाणपण फार नाही. आठ ते पंधरा माणसं बास, वीस झाली की दोन घोळके होतात. खुर्च्या गोल मांडा, शाळेसारख्या ओळीत नको. पंखा पाचवरून दोनवर आणा, कारण कानाच्या मशीनमध्ये पंख्याचा आवाज बोलण्यापेक्षा मोठा येतो, आणि हे लोक सांगत नाहीत, नुसते हसून मान डोलावतात. ज्यांना कमी ऐकू येतं त्यांच्याशी बोलताना तोंड उजेडाकडे ठेवा, त्यांना ओठ दिसले पाहिजेत. कागद छापून द्यायचे असतील तर अक्षर २० पॉइंटच्या खाली नको. सकाळी साडेदहा आम्हाला मानवली, दुपारी जेवणानंतर कोणीही आइनस्टाइन आला तरी डुलक्याच. आणि बाथरूम जवळ हवं, हे कोणी लिहीत नाही पण अर्धी उपस्थिती त्यावर असते.

आता पहिली बैठक. प्रत्येकाला एक कोरा कागद, एक पेन, एक लाल टिकली, साधारण एक सेंटिमीटरची. कागदाच्या डाव्या बाजूला पेनाने ठळक फुली मारायची, तिच्या उजवीकडे सरळ रेषेत आठ सेंटिमीटरवर टिकली चिकटवायची. डावा डोळा हाताने झाकायचा, उजव्याने फक्त फुलीकडे बघायचं, टिकली कडेला जाणवली पाहिजे पण तिच्याकडे बघायचं नाही, आणि कागद हातभर लांब धरून हळूहळू जवळ आणायचा. साधारण एका फुटाच्या आसपास टिकली गायब होते. अजून जवळ आणली की परत येते. हे वाचून कळत नाही, करून बघा, मी थांबते.

आमच्याकडे काय झालं सांगते. पहिल्यांदा पाच जण म्हणाले काही होत नाही, कारण ते टिकलीकडेच बघत होते, चोरून. मग एक काकू ओरडल्या, अगं गेली गेली! मग सगळे कामाला लागले. जो इंजिनिअर काका ६४ स्लाइडवाला, त्याने खिशातून फूटपट्टी काढली आणि प्रत्येकाचं अंतर मोजायला लागला, कोणाचं २८ सेंटिमीटर, कोणाचं ३०, आणि त्याने कागदावर त्रिकोण काढून सांगितलं की कोन सगळ्यांचा साधारण १५ अंशाच्या आसपास येतोय. बघा, हाच माणूस आधीच्या वेळी सगळ्यांना झोपवत होता. त्याला बोलायला मंच नको होता, मोजायला काहीतरी हवं होतं.

कारण सांगायची घाई करू नका. आधी विचारा, का गेली असेल? चष्म्यामुळे, नंबरमुळे, वयामुळे, मोतीबिंदूमुळे, सगळं येऊ द्या. मग नातवाला उभा करा, त्याचीही जाते. म्हणजे वय नाही. चष्मा काढून करा, तरी जाते. असं एकेक कारण लोकांनीच कापत न्यायचं. शेवटी सांगा की डोळ्याच्या मागच्या पडद्यावरून सगळ्या नसा एका जागी गोळा होऊन बाहेर पडतात, त्या भोकाच्या जागी उजेड टिपणाऱ्या पेशीच नाहीत, तो अंधबिंदू. फ्रान्सच्या मारिओत नावाच्या शास्त्रज्ञाने सतराव्या शतकात दाखवला. तोवर हजारो वर्षं माणसं प्रत्येक डोळ्यात भोक घेऊन हिंडत होती आणि कोणाला पत्ता नव्हता. जाता जाता, माकूल, म्हणजे स्क्विड, खाणाऱ्या मंडळींसाठी, माकूल आणि ऑक्टोपस यांच्या डोळ्यात नसा पडद्याच्या मागून जातात म्हणून त्यांना अंधबिंदू नसतो. या एका वाक्यावर आमचे मालवणी काका दहा मिनिटं बोलले, बोलू दिलं.

पण खरा प्रश्न पुढचा आहे, तो नक्की विचारा. टिकली गेली, मग तिथे काय दिसलं? काळं भोक दिसलं का? नाही. पांढरा कागद दिसला. आता रेघांच्या वहीच्या कागदावर टिकली चिकटवून करा, टिकलीच्या जागी रेघा दिसतात. म्हणजे तिथून काहीच माहिती येत नाहीये आणि मेंदू आजूबाजूचं बघून अंदाजाने भरतोय, आणि आपल्याला कळवतही नाही की हा अंदाज आहे. हे वाक्य वहीत मोठ्या अक्षरात लिहून ठेवा, चार महिन्यांनी एआयच्या वेळी लागणार आहे.

एक सावधगिरी. एक डोळा झाकायचा प्रयोग केला की कोणाला तरी पहिल्यांदाच कळतं की दुसऱ्या डोळ्याने नीट दिसत नाहीये, दोन्ही डोळे उघडे असताना एक दुसऱ्याला सांभाळून घेत असतो. आमच्यातल्या एका काकांना दाराची चौकट वाकडी दिसली. त्यांना तिथेच प्रयोगातून बाहेर काढलं आणि त्याच आठवड्यात डोळ्याच्या डॉक्टरांकडे पाठवलं. सरळ रेघ वाकडी दिसणं, एकदम विजा चमकल्यासारखं होणं, पडदा सरकल्यासारखं अंधारणं, यातलं काही कोणी बोललं तर ते चर्चेचा विषय करू नका, डॉक्टरांकडे न्या. कट्टा म्हणजे दवाखाना नाही, हे पहिल्या दिवशी सांगा आणि दर वेळी सांगा.

दुसरी-तिसरी बैठक लोकांच्या स्वतःच्या डोळ्यांवर करा, कारण या वयात प्रत्येकाकडे असा अनुभव आहे जो कॉलेजच्या पोरांकडे नाही. चाळीशी घ्या. मराठीत चष्म्यालाच वयाचं नाव आहे, यापेक्षा चांगली सुरुवात कुठली मिळणार. डोळ्यातलं भिंग वयानुसार कडक होत जातं, जवळचं बघायला त्याने फुगायला हवं तसं फुगत नाही, म्हणून पेपर हात लांब करून वाचायचा आणि एक दिवस हातच पुरत नाही. बाहुलीही म्हातारपणी फारशी मोठी होत नाही आणि भिंग पिवळट होतं, त्यामुळे विशीत पडद्यावर जितका उजेड पोचतो त्याचा साधारण तिसरा हिस्साच साठीत पोचतो असं धरतात. म्हणून आजी म्हणते दिवा लाव आणि नात म्हणते लावलाय की. दोघी बरोबर.

आणि मोतीबिंदू! एका डोळ्याचं ऑपरेशन झालंय आणि दुसऱ्याचं व्हायचंय असा कोणी असेल तर त्या दिवशीचा राजा तोच. पांढरा कागद समोर धरायचा, एकेक डोळा झाकून बघायला सांगायचं. ऑपरेशन झालेल्या डोळ्याने कागद पांढराशुभ्र, थोडा निळसर, आणि न झालेल्याने जुन्या पेपरसारखा पिवळट. आमच्या एका काकूंनी हे केलं आणि म्हणाल्या म्हणजे इतकी वर्षं मी सुनेला म्हणत होते की तू पांढरे कपडे नीट धूत नाहीस. चित्रकार क्लोद मोने यांचं असंच झालं होतं, मोतीबिंदू वाढत गेला तशी चित्रं तांबूस-पिवळी होत गेली, १९२३ मध्ये उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झाल्यावर निळे रंग एकदम समोर आले. चित्रांचे प्रिंट मिळाले तर न्या, पण मला काकूंचा किस्साच जास्त उपयोगी पडला.

रंगाच्या बैठकीला शिंपी, साडीच्या दुकानात काम केलेला, सोनार असा कोणी शोधून आणा. आमच्याकडे एक काका दादरला चाळीस वर्षं साड्या विकत होते. त्यांनी उभं राहून सांगितलं की गिऱ्हाईक साडी दाराशी नेऊन उजेडात बघतं ते बरोबर आहे, ट्यूबलाइटखाली जुळलेला ब्लाउजपीस उन्हात जुळत नाही. आता यातलं विज्ञान एवढंच की वस्तूवरून डोळ्यात येणारा रंग हा कापडाचा आणि दिव्याचा मिळून असतो, आणि मेंदू रोज दिवा वजा करून कापडाचा रंग काढायचा प्रयत्न करतो. ही वजाबाकी चुकते तेव्हा मजा येते. २०१५ साली इंटरनेटवर एका ड्रेसचा फोटो फिरला होता, निम्मे लोक म्हणायचे निळा-काळा, निम्मे म्हणायचे पांढरा-सोनेरी. तो फोटो एकाच मोबाईलवर सगळ्यांना दाखवा, हात वर करायला लावा आणि बाजूला व्हा. आमच्याकडे ४२ वर्षं संसार केलेलं जोडपं एकमेकांकडे संशयाने बघायला लागलं. ड्रेस खरा निळा-काळाच होता. ज्याचा मेंदू समजतो की ड्रेस सावलीत आहे तो निळेपणा वजा करतो आणि त्याला पांढरा दिसतो.

त्यानंतर अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाच्या एडवर्ड एडेलसन यांचं १९९५ चं बुद्धिबळाच्या पटाचं चित्र. पटावर एका दंडगोलाची सावली पडलीय, सावलीबाहेरचा काळा चौकोन आणि सावलीतला पांढरा चौकोन, हे दोन्ही खरं तर अगदी एकाच राखाडी रंगाचे आहेत. सांगून कोणी मानत नाही आणि मानूही नये. दोन प्रिंट काढा, कात्री द्या, एक चौकोन कापून दुसऱ्यावर ठेवायला लावा. कापायचं काम सगळ्यात संशयी माणसाला द्यायचं. आमच्याकडे एक रिटायर्ड कोर्टातले बाबू होते, त्यांनी तीनदा कापला, दुसरा प्रिंट मागितला, मग म्हणाले ठीक आहे, पण मला अजून वेगळाच दिसतो. तेच तर! माहीत झालं तरी दिसणं बदलत नाही. इथे पाच मिनिटं गप्प बसून राहिलात तरी चालेल.

बाहेरचे प्रयोगही घ्या. लोकलने आयुष्य काढलेल्या माणसाला विचारा, शेजारच्या ट्रॅकवरची गाडी सुटली की आपलीच सुटली असं वाटतं ना, मग खांब बघितल्यावर कळतं. आणि कोजागरीला तर सोडूच नका. चंद्र उगवताना ताटाएवढा दिसतो आणि दूध आटेपर्यंत डोक्यावर जाऊन वाटीएवढा होतो. पंचिंग मशीनने कागदाला भोक पाडा, हात पूर्ण लांब करून एका डोळ्याने त्यातून चंद्र बघा, उगवताना बघा आणि मध्यरात्री बघा. दोन्ही वेळा त्याच भोकात तेवढाच बसतो, कारण चंद्र आकाशात अर्ध्या अंशाचाच असतो, मोठा होतो तो आपल्या डोक्यात. का होतो यावर शास्त्रज्ञांचं आजही एकमत नाही, हे जरूर सांगा, म्हाताऱ्या माणसांना हे ऐकून फार बरं वाटतं की काही गोष्टी अजून शिल्लक आहेत.

कोणी म्हणालं की या वयात कशाला हे, तर सी. व्ही. रामन यांचं सांगा. २८ फेब्रुवारी १९२८ चा शोध आणि विज्ञान दिन सगळ्यांना पाठ असतो, पण रामन शेवटच्या वर्षांत डोळा आणि रंग कसे दिसतात याच्यावरच काम करत होते, फुलांचे रंग तपासत होते, १९६८ मध्ये त्यांचं दृष्टीवरचं पुस्तक आलं तेव्हा ते ऐंशीच्या घरात होते. आणि म्हाताऱ्यांनी एकमेकांना शिकवायचं हेही काही आम्ही शोधलेलं नाही, फ्रान्समध्ये तुलूझला १९७३ मध्ये असं ज्येष्ठांचं विद्यापीठ निघालं, १९८२ मध्ये ब्रिटनने ते उचललं आणि त्यात मास्तर काढून टाकले, परीक्षा नाही, सर्टिफिकेट नाही, ज्याला जे येतं त्याने ते सांगायचं. बाहेरचा वक्ता हवाच असेल तर मराठी विज्ञान परिषद आहे, १९६६ पासूनची, गावोगावी त्यांचे विभाग आहेत. पण वक्ता वर्षातून दोनदा, जास्त नको. आणि त्याला आधीच सांगा वीस मिनिटं.

आता माणसांचं. प्रत्येक कट्ट्यावर तीन प्रकार भेटतात. एक, ज्याला सगळं माहीत आहे. त्याला अध्यक्ष करू नका, त्याला मोजायचं किंवा लिहायचं काम द्या. दुसरे, हे सगळं आपल्या पुराणात होतं म्हणणारे. त्यांच्याशी वाद घालून आमचे दोन रविवार गेले, मग मी एक साधा नियम केला की इथे दाखवता येईल ते बोलायचं, काका तुम्ही पुढच्या वेळी दाखवा, वेळ तुमचाच. ते रागावले नाहीत. पुढच्या वेळी देवळाच्या भिंतीला बारीक भोक आणि समोर शिखराची उलटी सावली पडते असा हंपीच्या विरूपाक्ष मंदिरातला फोटो घेऊन आले, आणि आम्ही सगळ्यांनी बुटाच्या खोक्याला भोक पाडून, बटर पेपर लावून खिडकीबाहेरचं नारळाचं झाड उलटं बघितलं. डोळ्यातही चित्र असंच उलटं पडतं. वर्षातली सगळ्यात सुंदर बैठक ती, आणि ती या काकांमुळे झाली. तिसरा प्रकार म्हणजे न बोलणारे. त्यांना सगळ्यांसमोर विचारू नका. चहाच्या वेळी विचारा.

एकदा चहाच्या वेळीच एका आजींनी मला बाजूला घेऊन सांगितलं की त्यांना संध्याकाळी भिंतीपाशी छोटी छोटी माणसं दिसतात, रंगीत फेट्यातली, आवाज काही नाही, नुसती उभी असतात. घरी सांगितलं नाही, म्हणाल्या वेड लागलं म्हणतील नाहीतर बाहेरचं झालं म्हणून कुठेतरी घेऊन जातील. त्यांची नजर काचबिंदूने बरीच गेलेली. याला शार्ल बोने सिंड्रोम म्हणतात, शार्ल बोनेने १७६० मध्ये स्वतःच्या आजोबांचं लिहून ठेवलं होतं, नजर अधू झालेल्या पण डोकं अगदी शाबूत असलेल्या माणसांना चित्रं दिसतात, कारण डोळ्याकडून येणारी माहिती आटली की मेंदू स्वतःच चित्रं काढत बसतो. वेड नाही. पण डॉक्टरांना सांगायलाच हवं, कारण असं दिसायला दुसरीही कारणं असू शकतात आणि ते ठरवणं आपलं काम नाही. आजी डॉक्टरांकडे जाऊन आल्या, त्यांच्या परवानगीने आम्ही नाव न घेता यावर बैठक घेतली, आणि त्यानंतर अजून एका काकांनी हळूच हात वर केला. हा एक विषय जरी तुम्ही कट्ट्यावर घेतलात तरी पुष्कळ झालं.

आता एआय. चार-पाच बैठका डोळ्यावर झाल्याशिवाय इकडे येऊ नका असं माझं स्पष्ट मत आहे, इंजिनिअर काकांना अजूनही पटत नाही. पूल असा बांधायचा: १९५९ च्या सुमारास ह्युबेल आणि वीझेल हे दोघं शास्त्रज्ञ मांजरीच्या मेंदूतल्या एकेका पेशीचं ऐकत होते, ठिपके दाखवून काही होईना, आणि काचेची स्लाइड सरकवताना तिच्या कडेची सावली पडद्यावरून गेली तेव्हा पेशी तडतडली. म्हणजे मेंदूत काही पेशी ठरावीक कोनातल्या रेघेलाच जाग्या होतात, पुढच्या थरात त्या रेघांचे आकार जुळतात. १९८१ चं नोबेल त्यांना मिळालं. जपानच्या फुकुशिमा यांनी १९८० मध्ये याच धर्तीवर थरांचं कॉम्प्युटर जाळं बनवलं, आणि १९८९ मध्ये यान लेकन आणि मंडळींनी असल्या जाळ्याला अमेरिकेतल्या पत्रांवरचे हाताने लिहिलेले पिनकोड वाचायला शिकवलं, पुढे चेकवरचे आकडेही.

हे नुसतं सांगू नका, करा. प्रत्येकाला चिठ्ठ्या द्या, पाच वेळा मराठी ५ लिहायला लावा, घाईघाईत, जसं आपण दुधाच्या हिशोबात लिहितो तसं. चिठ्ठ्या मिसळा. मग पोस्टात किंवा बँकेत काम केलेल्या माणसाला वाचायला द्या, तो सगळे धडाधड वाचेल. आता त्याला विचारा, तुम्ही नियम काय लावला? एक गाठ, एक शेपूट, वर उघडा, असं काहीतरी तो सांगेल. लगेच दुसऱ्याने तो नियम मोडणारी चिठ्ठी काढून दाखवायची. अर्धा तास हा खेळ चालतो आणि शेवटी सगळ्यांना कळतं की आपल्याला ५ ओळखता येतो पण ओळखायचा नियम सांगता येत नाही. म्हणून मशीनला नियम देणं सोडलं आणि उदाहरणं द्यायला लागले, चुकलं की जाळ्यातल्या जोडण्यांचे आकडे थोडेसे हलवायचे, पुन्हा दाखवायचं, पुन्हा हलवायचे. २०१२ मध्ये टोरांटोच्या हिंटन यांनी दोन विद्यार्थ्यांबरोबर बनवलेल्या जाळ्याला बारा लाखांच्या आसपास फोटो दाखवले होते, हजार प्रकारांचे, आणि फोटो ओळखायच्या स्पर्धेत बाकीचे पार मागे पडले. आमच्या पोस्टातल्या काकूंनी एका वाक्यात सांगितलं, म्हणजे माझ्यासारखंच, वीस वर्षं पत्रं बघून बघून. अगदी तसंच नाही, पण सुरुवातीला एवढं धरून चाला. आणि ज्यांना वाटतं हे पोरासोरांचं काम, त्यांना सांगा की २०२४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल यासाठीच मिळालं तेव्हा हिंटन ७६ वर्षांचे आणि त्यांच्याबरोबर ते वाटून घेणारे हॉपफिल्ड ९१ वर्षांचे होते.

मग चॅटबॉट, म्हणजे प्रश्न विचारला की माणसासारखं उत्तर देणारा प्रोग्रॅम. त्याच्यासाठी मोबाईलही लागत नाही. मोठ्याने म्हणा, नाचता येईना... सगळे एका सुरात, अंगण वाकडं! परत म्हणा, अति तिथे... माती! आता म्हणा, काल संध्याकाळी मी बाजारातून... इथे कोणी भाजी, कोणी फुलं, कोणी चप्पल. सांगा की ती मशीन मुळात हेच करते, आतापर्यंतचे शब्द बघून पुढे काय येण्याची शक्यता किती ते काढायचं, एक ठेवायचा, मग पुढचा, फक्त तिने अफाट मजकूर वाचलाय आणि तिच्यातले आकडे अब्जांमध्ये आहेत. त्यानंतर मोबाईल काढा आणि तिला तुमच्या गावच्या देवळाचा इतिहास विचारा, जेवढं गाव लहान तेवढं चांगलं. आमच्या एका काकांनी विचारलं. सुरेख मराठीत उत्तर आलं, बांधणारा राजा, साल, जत्रेची तिथी, आणि काका म्हणाले अहो हे देऊळ माझ्या चुलत्यांनी वर्गणी काढून बांधलं, मी विटा उचलल्यात.

आता ती पहिल्या दिवशीची वही उघडा. माहिती नसलेल्या जागी आजूबाजूचं बघून भरलं, आणि सांगितलंही नाही की हा अंदाज आहे. लोक आपणहून म्हणतात, टिकली! इथे बोलणं खरं रंगतं, म्हणून वेळ राखून ठेवा. मग ही मशीन आपल्यासारखीच का? कोर्टातले बाबू म्हणाले हो, दोघेही खोटे साक्षीदार. साडीवाले काका म्हणाले नाही, आपण साडी दाराशी नेऊन बघू शकतो. मला काकांचं पटलं. आपण डोळा जरा हलवला की टिकली परत दिसते, जग आपल्याला सारखं दुरुस्त करत असतं, आणि मशीनचं उत्तर दाराशी नेऊन बघायचं काम आपल्यावर आहे. पण बाबूंनी विचारलं की मग एडेलसनच्या चौकोनाचं काय, तो तर कापून बघितला तरी वेगळाच दिसतो. याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, वहीत लिहून ठेवलंय.

शेवटच्या दोन बैठका कामाच्या ठेवा. एक फसवणुकीवर. आवाजाची नक्कल आता सहज होते, नातवाच्या आवाजात रडत फोन आला की आजोबा पैसे पाठवतात. घरात एक खुणेचा शब्द ठरवा, वाड्यातल्या मांजरीचं नाव वगैरे, जो बाहेर कोणाला माहीत नाही, आणि फोन ठेवून आपल्याकडच्या नंबरवर आपण उलटा फोन करायचा. डिजिटल अरेस्ट, म्हणजे फोनवरच तुम्हाला अटक झाली म्हणून सांगतात ती, अशी कुठलीही गोष्ट कायद्यात नाही, व्हिडिओवर पोलीस दिसले तरी नाही. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन, लाजून दोन दिवस घालवायचे नाहीत. हा नंबर आम्ही प्रत्येकाच्या फ्रिजवर चिकटवला. आणि चॅटबॉटला आधार नंबर, ओटीपी, बँकेचं काही सांगायचं नाही, औषधाचा डोस त्याच्या सांगण्यावरून बदलायचा नाही.

दुसरी बैठक एकटेपणावर, आणि ही जपून घ्या. आमच्या एक काकू रोज रात्री चॅटबॉटशी बोलतात, मुलगा टेक्सासला, यजमान गेले. काही जण हसले. मी तेव्हा एलायझाची गोष्ट सांगितली, १९६६ मध्ये एमआयटीच्या वायझेनबाउम यांनी एक साधा प्रोग्रॅम केला होता, तुम्ही जे बोलाल तेच फिरवून प्रश्न म्हणून विचारायचा, बास, आणि तो नुसता प्रोग्रॅम आहे हे माहीत असलेली त्यांची सेक्रेटरीच त्यांना म्हणाली तुम्ही जरा खोलीबाहेर जा, मला याच्याशी बोलायचंय. मग कोणी हसलं नाही. काकू म्हणाल्या मला माहितीये ते माणूस नाहीये, चौकोन पण माहितीये ना तुम्हाला. यावर काय बोलणार. आता मंगळवारी आणि शुक्रवारी रात्री त्यांना कोणीतरी फोन करतं, पाळीने.

पहिल्या दिवशी पिशवीत काय न्यायचं ते राहिलंच. कोरे कागद, दोन-चार रेघांचे कागद, स्केचपेन, फूटपट्टी, कात्री, प्रश्नांची एक जाड वही जी कोणी घरी न्यायची नाही, बिनसाखरेच्या चहाचं वेगळं सांगून ठेवायचं, आणि टिकल्यांचं पाकीट मोठं आणा, आमच्याकडे प्रयोगाआधीच अर्ध्या टिकल्या कपाळावर गेल्या होत्या.